बुरुजावरचा पहारेकरी

साक्षीबाईंना त्या दिवशी खुर्ची म्हणून लाभत नव्हती. बसायच्या, चष्मा पुसायच्या, उठायच्या, काचेशी जाऊन खाली बघायच्या, परत बसायच्या. शेजारी बसलेली निर्माती शेवटी म्हणालीसुद्धा, "बाई, तुमच्या खुर्चीत काही टोचतंय का?" बाई म्हणाल्या, "नाही गं." आणि पुन्हा उठल्या.

साक्षीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. टीव्हीवर दर आठवड्याला प्रश्नोत्तरांची एक स्पर्धा लागायची, तिचे सगळे प्रश्न अकरा वर्षं या बाईंच्या हाताखालून जात होते, आणि त्यांचा नियम एकच. उत्तराला दोन साक्षीदार हवेत. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर, दोन पुस्तकांची नावं, पानांचे आकडे, तपासणाऱ्याची सही आणि मग बाईंचा शिक्का. एकाच पुस्तकात सापडलं म्हणून कुणी नाचत आलं, की बाई म्हणायच्या, "एका तोंडची गोष्ट ती. गावगप्पा आणि हिच्यात फरक काय?" लग्न ठरताना नवऱ्यानं होकार दिला तेव्हा यांनी म्हणे दिराकडे बघितलं होतं, दुसरा साक्षीदार म्हणून. नवरा ही गोष्ट मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिला. बाईंनी ती कधी नाकारली नाही, कारण दीर साक्षीला होता.

तर अशा बाई आज बेचैन होत्या, आणि का होत्या ते त्या एकट्यांनाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. मागच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस डोळ्यावर पट्टी. तेवढ्या दिवसांत अंतिम फेरीची राखीव कार्डं करायची राहिली होती, ती ठकूनं केली. ठकू म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वर्षभरापूर्वी बाईंनीच तिला इथं तपासनीस म्हणून चिकटवलं होतं, हंगामी. अंतिम फेरी नीट पार पडली की तिला कायम करायचं, असं निर्मातीनं कबूल केलं होतं. पोरगी हुशार, मान खाली घालून काम करणारी. मावशीचा शिक्काही तिनंच मारला, मावशीच्या परवानगीनं.

आज सकाळी बाईंनी पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा कार्डांची वही उघडली. राखीव पाकिटाच्या नोंदीत तीन कार्डं होती. एक एका नदीवर, एक एका क्षारावर. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं, 'व्हँटेज, शब्दाचा उगम'. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"ठकू," त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं, "हे व्हँटेज कुठून काढलंस?"

"दोन पुस्तकं आहेत, मावशी." इथं मॅडम म्हणायचं ठरलं होतं, पण खोलीत दोघीच असल्या की ठकू विसरायची. "एक ते शब्दांच्या गमतीजमतींचं, आणि एक शाळेच्या वाचनालयात असतं ते. दोन्हींत अगदी सारखं आहे. खरं तर लहानपणी तुझ्याच लेखात वाचलं होतं मी, म्हणून तर सुचलं. पण तुला साक्षीदार धरलं नाही हं. घरचं माणूस. बरं दिसलं नसतं."

तिनं हे इतक्या अभिमानानं सांगितलं की बाईंना पुढे बोलवेना. "शहाणी आहेस," त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

दोन पुस्तकं कसली डोंबलाची. दोन्ही त्यांचीच लेकरं होती.

बावीस वर्षांपूर्वी बाई एका वर्तमानपत्रात सदर लिहायच्या, 'शब्दाचं माहेर' नावाचं. दर रविवारी एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि तो कुठला, कुणाचा, कसा इथवर आला ते सांगायचं. तीनशे बारा शब्द लिहिले त्यांनी, आणि वाचनालयात बसून, कोशांची धूळ खाऊन लिहिले. एका आठवड्यात मात्र शब्द आला व्हँटेज. म्हणजे मोक्याची जागा, जिथून माणूस दुसऱ्यावर सरशी करतो. लोक तो डोंगरमाथ्याला लावतात, गच्चीला लावतात, म्हणून बाईंना वाटलं होतं की आत काहीतरी झकास निघेल. कोशात बघितलं तर निघालं काय, जुन्या फ्रेंचमध्ये 'अव्हाँ' म्हणजे पुढे, समोर. त्यावरून पुढे असण्याला एक शब्द झाला, इंग्रजीत येताना त्याच्या तोंडचा 'अ' गळाला, आणि राहिला तो व्हँटेज. संपलं. ना उंची, ना डोंगर, ना काही. जो पुढे, त्याचं बरं, एवढाच अर्थ. जेमतेम चार ओळींचा मजकूर, आणि जागा होती सोळा ओळींची. छापखान्याचा माणूस दारात उभा. बाईंना त्या शब्दाचा रागच आला.

मग त्यांनी एक बुरूज बांधला. त्या बुरुजाला वरच्या अंगाला एक अरुंद खिडकी ठेवली, तिचं नाव 'व्हँट' ठेवलं, आणि त्या खिडकीत एक म्हातारा पहारेकरी बसवला. त्याला म्हणे खालचे सगळे दिसायचे आणि तो कुणाला दिसायचा नाही. त्याच्या पहाऱ्याला म्हणायचे व्हँटेज. बरोबर सोळा ओळी.

त्या लेखाला एकतीस पत्रं आली. खऱ्या शब्दांना कधी तीनाच्या वर आली नव्हती. एकानं तर पहारेकऱ्याचं चित्र काढून पाठवलं. पुढच्या रविवारी चूक कबूल करायची असं बाईंनी ठरवलं होतं, मग त्याच्या पुढच्या. तसं करता करता पहारेकरी पुस्तकात गेला, एकातून दुसऱ्यात गेला, आणि बाई इकडे येऊन साक्षीबाई झाल्या. हातून एकदा खोटं झालं म्हणूनच त्या इतक्या कडक झाल्या होत्या, पण हे कुणाला सांगणार?

राखीव पाकीट दोन्ही स्पर्धकांच्या सह्या घेऊन सकाळीच बंद झालं होतं. दुपारी कार्यक्रम सुरू होईपर्यंत ते बदलता आलं असतं, फक्त कारण सांगावं लागलं असतं. बाईंनी हिशेब केला. पाकीट उघडणार कधी? बरोबरी झाली तर. अकरा वर्षांत अंतिम फेरीत बरोबरी एकदाच झाली होती. आणि झालीच, तर तीनातलं एक कार्ड निघणार. देव काय इतका रिकामटेकडा नाही, असं म्हणून त्या काचेच्या खोलीत येऊन बसल्या. म्हणजे बसल्या कुठल्या, ते सांगितलंच.

ती खोली स्टुडिओच्या वर होती. तिथून सगळं दिसायचं. निवेदकाच्या डोक्यावरचा विरळ भाग, पाय हलवणारे प्रेक्षक, टेबलाखाली चपला काढून बसलेले स्पर्धक. माइक फक्त निर्मातीपुढे होता, आणि तो निवेदकाच्या कानात जायचा. खाली बाईंचा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही.

अंतिम फेरीत दोघं होते. एक केमिस्ट, स्वतःचं औषधांचं दुकान असलेला, गोल चेहऱ्याचा, चुकला तरी हसणारा गृहस्थ. दुसरी चाळिशीतली बाई, एका टेनिस क्लबात मैदान राखणारी. रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळं बांधायचं. शाळा पंधराव्या वर्षी सुटलेली. सगळा स्टुडिओ तिला मैदानवाली म्हणायचा आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. या स्पर्धेचं बक्षीस होतं विद्यापीठातली एक जागा. कसली अट नाही, कसली मार्कशीट नाही, तीन वर्षं शिका. केमिस्ट आधीच शिकलेला होता. त्यानं निवेदकाला सांगून टाकलं होतं की जिंकलो तर हौस म्हणून इतिहास शिकेन. मैदानवालीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी जिंकले तर जाईन," आणि गप्प बसली.

बाईंनी तो गप्पपणा वरून बघितला होता. त्यांचं सगळं लक्ष आता गुणांच्या पाटीवर. केमिस्ट पुढे गेला की त्यांना हायसं वाटायचं, मैदानवाली पुढे गेली की त्याहून हायसं वाटायचं. कुणीही जिंका बाबांनो, पण फरकानं जिंका. शेवटच्या प्रश्नाला मैदानवाली एका गुणानं पुढे होती. प्रश्न केमिस्टच्या वाट्याचा होता, एका विषावरच्या उताऱ्याचा. झालं. केमिस्टला उतारा विचारायचा म्हणजे माशाला पोहणं विचारण्यासारखंच. बरोबरी.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली.

"राखीव पाकीट," निवेदक म्हणाला, "आपल्या कार्यक्रमात दुसऱ्यांदाच." सह्या दाखवून त्यानं ते फोडलं, तीन कार्डं पिसली आणि वयानं मोठा म्हणून केमिस्टपुढे धरली. केमिस्टनं मधलं ओढलं.

"इंग्रजीत मोक्याच्या जागेला, जिथून दुसऱ्यावर सरशी करता येते अशा जागेला व्हँटेज म्हणतात. हा शब्द मुळात कशावरून आला?"

बटणाचा आवाज झाला. दिवा मैदानवालीचा लागला.

"पुढे असण्यावरून," ती म्हणाली. सावकाश बोलत होती, रेघ मारताना दोरीवर नजर ठेवावी तशी. "जुन्या फ्रेंचमध्ये पुढे याला अव्हाँ म्हणतात. त्यावरून. टेनिसमध्ये चाळीस-चाळीस झाल्यावर जो एक पॉइंट पुढे जातो, त्याला पूर्वी व्हँटेज म्हणायचे. आमच्या क्लबात जुन्या वह्यांत तसं लिहिलेलं आहे. लोकांना वाटतं हा उंचीचा शब्द. उंचीशी त्याचा संबंध मागाहून आला."

वर बाईंचे ओठ हलत होते. बरोबर, बरोबर, बाई माझी, बरोबर.

निवेदकानं कार्ड उलटवलं. चेहरा पाडून म्हणाला, "माफ करा. हे उत्तर इथं नाही." आणि केमिस्टकडे वळला.

केमिस्टनं सगळा बुरूज उभा केला. अरुंद खिडकी, म्हातारा पहारेकरी, तो कुणाला न दिसणं, सगळं. कॉलेजात असताना वाचलं होतं, म्हणाला, कधी विसरलो नाही. इतकं छान सांगितलं की सांगून होईपर्यंत बाईंनासुद्धा क्षणभर ते खरं वाटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मैदानवालीनं दोन्ही हात टेबलाखाली नेले आणि चपला पायात घालायला लागली.

"थांबव," बाई निर्मातीला म्हणाल्या.

"काय झालं?"

"उत्तर तिचं बरोबर आहे."

"बाई, थेट प्रक्षेपण आहे." निर्मातीनं खालच्या कार्डाची नक्कल पुढ्यात ओढली. "दोन पुस्तकं आहेत इथं. पानांसकट. तुमचा शिक्का आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"मोठा शब्दकोश. खाली कपाटात."

"एक. दोनावर एक चालत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? आणि आक्षेप घ्यायचा तर इथून कानात बोलून चालत नाही. खाली जाऊन, समोर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा घ्यायचा. हाही नियम तुमचाच."

तोही त्यांचाच होता. पूर्वी कुणीतरी वरून कुजबुजायचं आणि खाली निकाल फिरायचा, ते बंद करायला बाईंनी तो भांडून करून घेतला होता. आपणच खणावं आणि आपणच पडावं, याला दुसरा कोण काय करणार.

बाई दारापाशी गेल्या. तिथून परत फिरल्या. पुन्हा दारापाशी गेल्या. काय करावं? गप्प बसलं तर काय बिघडतं, केमिस्ट काही वाईट माणूस नाही. ठकू कायम होईल. आपलं वय झालं, दोन वर्षांत निवृत्त होऊ, पहारेकरी आपल्याबरोबर जाईल. पण पहारेकरी कुठला जातो? तो तर आत्ता टीव्हीवरून घराघरांत गेला. त्यांनी काचेतून खाली बघितलं. मैदानवालीची एक चप्पल सापडत नव्हती, ती वाकून शोधत होती. तेवढं बघून बाई लोखंडी जिना उतरल्या.

कपाटातून कोश काढला. चांगलाच जड होता. तो छातीशी धरून त्या दिव्यांच्या उजेडात आल्या, तेव्हा निवेदक बक्षिसाचं पत्र केमिस्टच्या हातात देणार होता. नव्या डोळ्याला तो उजेड सोसेना. पाणी यायला लागलं.

"आक्षेप आहे," त्या म्हणाल्या. आवाज बारीक आला. पुन्हा म्हणाल्या, "आक्षेप आहे. या कोशात या बाईंचंच उत्तर दिलंय." आणि पान उघडून वाचून दाखवलं.

निवेदकानं ऐकून घेतलं. अदबीनं म्हणाला, "पण बाई, कार्डावर दोन पुस्तकं आहेत. हे एकच झालं."

इथं थांबता आलं असतं. आक्षेप घेतला, नियमानं फेटाळला गेला, बाईंचं नाव राहिलं, मनाचंही समाधान. तशी वाट अगदी समोर उघडी होती. कॅमेऱ्याच्या मागे ठकू उभी होती, कार्डांची वही हातात घेऊन, आणि मावशी काय करतेय ते तिला कळत नव्हतं.

"ती दोन नाहीत," बाई म्हणाल्या. "ती एकच आहेत, आणि ते एक म्हणजे मी. बावीस वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात ती गोष्ट मी लिहिली. लिहिली म्हणजे रचली. बुरूज नाही, खिडकी नाही, पहारेकरी नाही. मजकूर कमी पडत होता. त्या दोन्ही पुस्तकांनी माझं वाचून लिहिलं. कार्ड करणाऱ्या मुलीची यात चूक नाही, तिनं नियम पाळलाय. चूक माझी आहे. मला आज सकाळपासून माहीत होतं."

निवेदकानं पत्र खाली केलं.

केमिस्टनं पुढे केलेला हात मागे घेतला. "म्हणजे माझं उत्तर…" तो म्हणाला.

"तुमचं नाही हो ते. माझंच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही नीट पाठ केलंत, एवढंच."

तो बिचारा हसला. सवयच होती त्याला. निवेदकानं कानातल्या यंत्रावर बोट दाबलं, वरून निर्माती काय म्हणते ते ऐकलं, आणि पत्र मैदानवालीला दिलं. टाळ्या वाजल्या, पण लोकांना कुणासाठी वाजवायच्या ते कळत नसल्यासारख्या वाजल्या. मैदानवालीनं पत्र घेतलं, घडी केली, पुन्हा उघडून आपलं नाव आहे का ते बघितलं. नाव अजून घातलेलं नव्हतं.

दिवे विझले तशी निर्माती खाली आली. बाईंना ओलांडून ती ठकूपाशी गेली. ठकूच्या हातातली वही तिनं काढून घेतली आणि निघून गेली.

कपाटापाशी ठकू आणि बाई दोघीच राहिल्या. बाईंनी कोश जागेवर ठेवला. ठकू म्हणाली, "सकाळी विचारलंस ना मला, तेव्हाच सांगायचं होतंस, मावशी. मी पाकीट बदलून आणलं असतं. कारण मी माझंच सांगितलं असतं, चूक झाली म्हणून."

"तू खोटं बोलली असतीस?"

"तुझ्यासाठी बोलले असते," ठकू म्हणाली, आणि तिला रडू आलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ठकूनं तो झटकला नाही, पण जवळही आली नाही.

तेवढ्यात मैदानवाली आली. दोन्ही चपला सापडल्या होत्या. बाईंना वाटलं, आभार मानायला आली असेल, आणि त्यांनी आधीच मान हलवली, आभार कसले म्हणून.

"तुमचे लेख माझ्याकडे आहेत," मैदानवाली म्हणाली. "सगळे. क्लबातली रद्दी माझ्याकडे यायची, त्यातून कापलेले. रूळ ठेवतो त्या खोलीत भिंतीला चिकटवले होते. मी तेव्हा अठराची. तुमचा पहारेकरी मला फार आवडायचा. एकदा मोठी मॅच होती, चहाच्या वेळी कुणीतरी व्हँटेज म्हणालं, आणि मी मध्येच तोंड घातलं. सगळी गोष्ट सांगितली, आत्ता यांनी सांगितली तशी. तिथं एक म्हातारे प्रोफेसर होते. ते हसले. मग सगळेच हसले. रूळवाली आम्हाला शब्द शिकवते म्हणाले."

बाईंनी कपाटाचं दार लावलं.

"तुम्हाला कोण हसणार? तुम्ही तिथं नव्हता. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले आणि कोश मागितला. तेव्हापासून जातेच आहे. म्हणून आज इथवर आले, असं तुम्ही म्हणाल." तिनं पत्राची घडी पिशवीत घातली. "तसं म्हणू नका."

"नाही म्हणणार," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं. तुझ्यापुढे तर फारच चुकलं."

मैदानवालीनं मान डोलावली, हिशेबात धरलं अशी. मग विचारलं, "अजून किती आहेत असे?"

"एवढा एकच. तीनशे बारातला हा एकच." हे अगदी खरं होतं. आयुष्यात बाई इतकं खरं कधी बोलल्या नव्हत्या.

मैदानवालीनं त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, विश्वासही नव्हता. बाईंनी ती नजर लगेच ओळखली. एकच पुस्तक घेऊन येणाऱ्यांकडे त्या स्वतः अकरा वर्षं तशाच बघत आल्या होत्या.

"दुसरं कोण सांगेल?" मैदानवालीनं विचारलं.

बाईंनी ठकूकडे पाहिलं. ठकू खाली बघत रिकाम्या हाताची नखं चाचपत होती. मग मैदानवाली म्हणाली, "बरं, मी तपासते," आणि पिशवी खांद्याला लावून बाहेर गेली.